बाहेर राहिलेला पायलट

पायलट काही केल्या आत जाईना.

चिमट्यात धरून मी त्याला वरून, पुढून, तिरका, सगळ्या बाजूंनी घालून पाहिलं. डोकं जायचं, मग कोपरं अडकायची. विमान तयार होतं, रंग वाळला होता आणि ज्याने ते चालवायचं तोच माझ्या चिमट्यात लटकत होता.

मी आमच्या बेटावरच्या रोझ बेल गावचा पेंटर. दुकानांच्या पाट्या, बसवरची नावं आणि चतुर्थीच्या आधी गणपती रंगवणं, हे माझं काम. एकोणीसशे साठच्या सुमारास साखर कारखान्याच्या वर्कशॉपचे प्रमुख मोस्ये, म्हणजे साहेब, रोजे एक खोका घेऊन आले. त्यांच्या बहिणीने इंग्लंडहून मॉडेल किट पाठवलं होतं. किट म्हणजे लढाऊ विमानाचे प्लास्टिकचे सुटे भाग, आत बसायचा पायलटही त्यातच. ते चिकटवायचे, रंगवायचे, की वीतभर लांबीचं विमान तयार. मोस्येंचे हात थरथरायचे, म्हणून काम माझ्याकडे आलं.

त्यांचा धाकटा भाऊ आंद्रे असंच विमान घेऊन लढाईत गेला होता आणि समुद्रावरून परतला नव्हता. तुसेंच्या सणाला इथली ख्रिस्ती माणसं आपापल्या माणसांच्या कबरींवर फुलं ठेवतात. आंद्रेला कबरच नव्हती. त्यांच्या म्हाताऱ्या आईचा एकच हट्ट होता, माझा मुलगा कशात बसायचा ते मला एकदा दाखवा. म्हणून तुसेंला हे विमान आंद्रेच्या फोटोशेजारी ठेवायचं ठरलं होतं.

मी पहिल्या दिवसापासून चक्रावलो होतो. विमानाला वरून हिरवे आणि मातकट पट्टे मारायचे होते. याला कॅमोफ्लाज म्हणतात. वरून पाहिलं तर विमान जमिनीत मिसळून जावं, दिसूच नये. माझा जन्म गेला लांबून दिसेल असा रंग लावण्यात. न दिसण्यासाठी रंगवायचं, हे डोक्यात शिरेना. पंखांवरची गोल चिन्हं तर रंगवायचीच नव्हती. ती कागदावर छापून आली होती. पाण्यात भिजवून अलगद सरकवायची, त्यांना ट्रान्सफर म्हणतात. मग पेंटर हवा कशाला?

सोबत इंग्रजी कागद होता. त्यात पहिलंच काम लिहिलं होतं : पायलटला सीटवर चिकटवा, मग विमानाचे दोन अर्धे भाग जोडा. मला हसू आलं. आमच्या घरात मूर्तीचं सगळं रंगकाम झाल्यावर अगदी शेवटी डोळे आखतात. जीव शेवटी यायचा. अंग तयार नसताना आधीच जीव घालणारा हा कसला कारागीर? मी पायलटला काडेपेटीत ठेवून दिलं आणि विमान जोडून टाकलं.

आता ते उघडेना. किटचा डिंक साधा नसतो. तो प्लास्टिक वितळवून दोन भागांचा एकच करतो. सुरी घातली असती तर विमानच फुटलं असतं.

मी आमच्या बाला, म्हणजे वडिलांना, विचारलं. मूर्तिकाम त्यानेच मला शिकवलेलं.

"बा, जीव शेवटीच घालायचा ना?"

"व्हय."

"मग हा जाईना का?"

बाने विमान फिरवून फिरवून पाहिलं. "आरं, मूर्तीला भोक असतंय व्हय? तिथं डोळं वरनं आखायचं. ह्यो तर आत बसनार. मो पा कोने, बाबा, मला न्हाई ठावं. तुजं तू बग."

म्हणजे चूक माझी की रिवाजाची, तेही कळेना.

तुसेंच्या सकाळी मोस्ये आले. मी सगळं सांगितलं आणि उपाय सुचवला, "याची कोपरं थोडी तासतो. मग जाईल आत."

मोस्ये बेटाच्या बोलीत ओरडले, "पा कूप लेब्रा मो फ्रेर!"

माझ्या भावाचे हात कापू नकोस! मी पातं खाली ठेवलं. नखाएवढं प्लास्टिक ते, पण माझाही हात पुढे होईना.

"रिकामं विमान आईला दाखवू कसं?" ते म्हणाले. "ती विचारेल, आंद्रे कुठे आहे?"

दुसरं विमान आणायला वेळ नव्हता. शेवटी विमान लाकडी पाटावर बसवलं. पायलटच्या जागेवरची काच लावलीच नाही, बाजूला ठेवली. पायलट काडेपेटीत घेतला आणि आम्ही त्यांच्या घरी गेलो.

म्हातारबाई व्हरांड्यात खुर्चीवर होत्या. मोस्येंनी विमान त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी पंखांवरून बोट फिरवलं, मग उघड्या जागेत डोकावल्या. मोस्ये माझ्याकडे पाहत होते, मी जमिनीकडे.

"आंद्रे?" त्यांनी विचारलं.

गोंधळून मी काडेपेटीच पुढे केली. त्यांनी पायलटला दोन बोटांत धरलं. तो बसलेल्या घडणीचा. त्यांनी त्याला पाटाच्या कडेवर ठेवलं आणि तो तिथे पाय सोडून नीट बसला.

मग एकदम म्हणाल्या, "ली फिन देसान."

तो उतरलाय.

आणि मोस्येंकडे वळून घरात पाहुणा आल्यासारखं म्हणाल्या, "रोजे, त्याच्यासाठी चहा ठेव."

बाईंचं भान सुटलंय की त्यांनाच सगळं नीट कळलंय, मला ठरवता येईना. मोस्ये खरंच आत गेले आणि कप घेऊन आले. मी खिशातून डिंक काढून पायलटला पाटाच्या कडेला पक्का केला. म्हातारबाईंनीच तसं सांगितलं.

फाटकापर्यंत मोस्ये सोबत आले. डोळ्यांत पाणी आणि तोंडावर हसू.

"मोस्ये, काम चांगलं झालं की बिघडलं?" मी विचारलं.

"मो पा कोने, विठू," ते म्हणाले. मला माहीत नाही.

मलाही आजवर माहीत नाही. त्यातून मी एवढंच शिकलो : डिंकाची बाटली उघडण्याआधी कागदातली पहिली ओळ वाचावी, आणि ती वाचून हसू नये.