माझ्या अक्षरातला गृहपाठ

सातवीत शाळा सुटली, पण माझं अक्षर मोत्यासारखं, आणि त्याचा मला भारी तोरा. मुलीचं मात्र अक्षराशी जमेना. बोलायला पोपट, तोंडी हिशेबात मला हरवणारी. पण वही उघडली की पहिल्याच ओळीला घोडं अडायचं. तिचे बाबा सदा बोटीवर. सासूबाई म्हणायच्या, "बोलते ना घडाघडा, मग लिवील पन कधीतरी." एवढा धीर मला कुठला! दुपारी नाटे गावच्या बाजारात मासळी विकून आले की साबणाने हात धुवायचे आणि तिचा गृहपाठ मीच लिहायचा. ती शेजारी बसून उत्तरं सांगायची. यात लबाडी आहे असं मनातही आलं नाही. आईने नाही करायचं तर कोणी करायचं?

ती नववीत गेली तेव्हा शाळेत नव्या बाई आल्या. त्यांनी मला बोलावून सांगितलं, मुलगी हुशार आहे, तिला लिहिण्यावाचण्याची अडचण असावी. रत्नागिरीला तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळालं तर दहावीला लेखनिक मिळेल. ही सांगेल, तो लिहील. नाहीतर सगळं येत असून नापास. "तिच्या जुन्या वह्या आणा," त्या म्हणाल्या, "तपासताना बघतात."

मी गठ्ठाच नेला. बाई पानं उलटत राहिल्या. "यात तर एक चूक नाही. हे बघून अडचण आहे असं कोण म्हणेल?"

खोटं कशाला सांगू, गप्प बसावं असंही वाटलं. मग मुलीसमोरच सगळं सांगून टाकलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाई रागावल्या नाहीत. मुलीकडून तिथेच एक पान लिहून घेतलं. तीन ओळींत तिला घाम फुटला. ते पान आणि परीक्षेचे पेपर त्यांनी अर्जाला जोडले. मग जुनं प्रगतिपुस्तक काढलं. त्यावर शेरा होता: घरी उत्तम लिहिते, वर्गात मुद्दाम आळस करते.

"ओरडा खात होतीस, मग सांगितलं का नाहीस?" बाईंनी विचारलं.

मुलगी खाली बघत म्हणाली, "सांगितलं असतं तर सगळे आयेला बोलले असते."

इतकी वर्षं तिने माझ्या वाट्याची बोलणी खाल्ली होती, आणि तरी रोज दुपारी माझ्याजवळ वही उघडून बसत होती.