चुडाव्यातला जपान आणि दोन लाल कंदील

मला माणसात आणलं ते गयाआत्यानं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि मागून ढकलणारी ती! माझं बी.एस्सी. ॲग्रीचं प्रमाणपत्र तिनं आपल्या चुडावा गावच्या घरात फ्रेम करून देवाच्या शेजारी लावलंय. (माझा खास विषय कापसावरच्या किडी. एवढं लक्षात ठेवा.)

परभणीत आम्ही चार वर्गमित्र टेबलावर बोटभर शिपायांचा खेळ खेळतो. भोवती इवलीशी घरं, टेकड्या मांडायच्या, फासे टाकून लढायचं. यंदा मला बजावण्यात आलं, "जपानी गाव तू करायचं. न्हाई जमलं, तर पुढं फक्त चहा आणायला ये!"

मी सुट्टी काढून आत्याकडं गेलो. थर्माकोलच्या टेकडीवर स्प्रेचा रंग मारला. टेकडी डोळ्यांदेखत विरघळली!

"सरक," आत्या म्हणाली. "पोळ्याला मातीचे बैल कोण करून देत होतं तुला?"

तिनं मातीची अशी टेकडी थापली, की मी बघतच राहिलो. लग्नपत्रिकांची घरं मी कापली, त्यांवर खराट्याच्या काड्यांचं छप्पर तिनं शाकारलं. देवळापुढची लाल कमान मात्र माझी, आइस्क्रीमच्या काड्यांची.

"भिंत न्हाई, निस्तं दारच? मंग चोर कुठून येतो?"

"आत्या, जपानात असंच असतं."

"लय भरवशाची माणसं हायती!"

चेरीच्या झाडासाठी मी कापसाचं वाळकं झाड, म्हणजे पऱ्हाटी आणली आणि तिला गुलालानं रंगवलेला कापूस चिकटवला. फांदीवर दोन न उललेली बोंडं होती, तीही लाल रंगवली.

"आरं बाबू, किडकी बोंडं हायती ती. तोडून टाक."

"आत्या, ते कंदील आहेत!"

"बरं बाबा. शिकलेला तू हायस."

रविवारी मित्र रेल्वेनं चुडाव्याला खेळायला आले आणि गाव बघून टेबलाभोवती गोळा झाले. चौघंही गुडघ्यांवर बसलो, हनुवट्या टेबलाला टेकवल्या. आत्याही वाकली.

"बाई बाई! हितून बघितलं तर आपुनच आत हाव की रे!"

खरंच होतं. छपराखाली सावली होती, कमानीपलीकडं वाट होती.

तेवढ्यात आमच्यातला विन्या कुजबुजला, "पाकळी चालायलीय!"

कंदिलातून गुलाबी काहीतरी बाहेर येत होतं. बोटभर शिपायांपुढं तो अजगरच!

"साप!" एक ओरडला.

"ड्रॅगन!" दुसरा.

"गोम!" हा मी.

"बोंडअळी हाय, मुडद्यांनो!" आत्या गरजली.

मी झाड वाचवायला झेपावलो. कोपर टेकडीत घुसलं, कमान आडवी झाली, सेनापती चहात बुडाला. आत्यानं दोन बोटांत अळी उचलली.

"कोण जिंकलं?" तिनं विचारलं.

"अळी!" तिघं एका सुरात म्हणाले.

आत्याला फोन आवडत नाही. पत्र आलं, की ती पोस्टमनला ओट्यावर बसवून त्याच्याकडून मोठ्यानं वाचून घेते. म्हणून परभणीला येताच लिहिलं :

"ती. आत्यास, साष्टांग नमस्कार. सुखरूप पोचलो. सेनापती वाळला. असं गाव जन्मात बघितलं नाही, असं सगळे म्हणतात. पुढचं गावही तूच करायचं, असं ठरलं आहे. मी चहा आणणार आहे. माझं प्रमाणपत्र काढू नकोस, फक्त तोंड भिंतीकडं करून ठेव. आणि हे शेवटचं वाक्य पोस्टमनला वाचू देऊ नकोस. तुझा, बाबू."