घुंगरू ऐकू येईल तिथपर्यंत

रसवंतीच्या चरकाला बांधलेले घुंगरू वाजले की ते प्रकरण आजही माझ्यासमोर उभं राहतं. नोकरीत असताना त्याबद्दल मी बोललो नाही, स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावरही नाही. बायकोला अर्धं माहीत आहे, तेही तिच्या भावाकडून. उरलेलं अर्धं आज पहिल्यांदाच लिहितो आहे. त्या गुन्ह्यात खरी चोरी आरोपीची झाली, आणि ती मी केली.

तेव्हा मी बीड जिल्ह्यात महामार्गालगतच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो, सहायक पोलीस निरीक्षक. उन्हाळ्यात आमच्याकडचे गुन्हे ठरलेले असतात. पाण्यावरून भांडणं, विहिरीवरची मोटार गेली, वरातीत डीजेवरून डोकं फुटलं. अशात एक दिवस मेहुण्याचा फोन आला. त्याने बीडमध्ये पुण्याकडच्या एका कंपनीची उसाच्या रसाची फ्रँचायझी घेतली होती. काचेचं दालन, एसी, स्टीलचं मशीन, टोपी घातलेला नोकर, सगळं होतं. गिऱ्हाईक तेवढं नव्हतं.

"दाजी, चौसाळ्याच्या रोडला चार दुकानं आमचाच बोर्ड लावून बसलीत. सगळी बोगस. तिथं लोक रांगंत उभे, आन् मी एसीत माशा मारतोय."

मी त्याला रीतसर कंपनीमार्फत यायला सांगितलं. कंपनीचा अधिकारी आला, फिर्याद झाली, कॉपीराइट कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. खबर माझ्याच घरातून आलेली होती, म्हणजे तपास दुसऱ्याकडे जायला हवा होता. वरिष्ठांना तसं कळवायला एक ओळ पुरली असती. ती मी लिहिली नाही.

खातरजमा करायला साध्या कपड्यांत निघालो. सोबत आमचे हवालदार, निवृत्तीला टेकलेले आणि मधुमेही. रस पिण्याचं सरकारी काम त्यांना उभ्या नोकरीत पहिल्यांदाच मिळालं होतं. "घरी कळू देऊ नका, साहेब," एवढीच त्यांची अट. चारही दुकानं पत्र्याच्या शेडमधली. प्रत्येक ठिकाणी नवरा-बायको. एक चरकावर, एक गल्ल्यावर. चरक सुरू झाला की पहिली धार फेकून द्यायची, ग्लास धुऊन उजेडाकडे धरून बघायचा, आणि बर्फ हवा का ते आधी विचारायचं. आलं तेवढंच, लिंबू तेवढंच. चौथ्या दुकानात हवालदारांनी मिशी पुसली आणि म्हणाले, "साहेब, ही चार दुकानं न्हाईत. एकच हाय."

मालक कोण, हे कुणी लपवलंही नाही. चारही ठिकाणी एकच सांगितलं, "मुकादमाला इचारा."

हा मुकादम आष्टीकडचा. पन्नाशी ओलांडलेला, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, आवाज उसाच्या फडातला. बरीच वर्षं ऊसतोडीच्या टोळ्या घेऊन कारखान्यांवर जायचा, मग ते सोडून रसवंतीत उतरला. नोटीस मिळताच तो स्वतःहून ठाण्यात आला आणि येताना सगळ्या स्टाफला पुरेल एवढा रस कॅनमधून घेऊन आला. मी कॅन बाहेर ठेवायला लावली. ती रिकामी कशी झाली याची चौकशी मी केली नाही.

चौकशीतला मुख्य मुद्दा तासाभरात संपला. बोर्ड कुणी काढला? बीडच्या पेंटरने. नाव आणि चित्र कंपनीचं आहे, माहीत आहे का? यावर तो खरोखर चकित झाला.

"रसवंतीचं नाव कुणाच्या मालकीचं आस्तंय का, साहेब? कुठंबी जावा, निम्म्या रसवंत्यांवर देवाचं एकच नाव. कोण कुणावर केस करतंय? बीडला हा बोर्ड बघितला, लई झ्याक वाटला. म्हटलं, आता ही चाल निघालीय."

माणूस खोटं बोलतो तेव्हा उत्तर आधी तयार असतं, चेहरा मागून येतो. याचा चेहरा आधी आला होता. आपल्याकडे रसवंतीवाले खरंच एकमेकांना नाव मागत नाहीत, हे मलाही ठाऊक होतं. जबाब पूर्ण झाला. बोर्ड काढून जप्त करायचे, दोषारोपपत्र पाठवायचं, विषय संपला.

त्याने एकच विनंती केली. "बोर्ड न्या. मला आत टाका. पण चरक उचलू नका. ह्या जोड्यांनी ऊसतोडीचा कोयता माळ्यावर टाकलाय. उन्हाळाभर दुकान बंद ऱ्हायलं, तर दिवाळीला तो परत खाली निघंल."

चरक जप्त करावेत असा कंपनीचा आग्रह होता. मला तो पटलेला नव्हता. गुन्हा बोर्डाचा होता, चरकाचा नव्हता. हे त्याला तिथल्या तिथे सांगता आलं असतं. मी म्हणालो, "बघू. उद्या या." आणि लेखनिकाला चहाला पाठवून सहज विचारल्यासारखं विचारलं, "खरा बोर्ड लावणारा माणूस बुडतोय आणि तुमचा चालतोय. कावून?"

पोराचं कौतुक विचारावं तसा तो खुलला.

"दुकान मी माणसाला देत न्हाई, साहेब. कोयत्याला देतो."

ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. याने दुकानंही कोयत्यावर मोजली होती. ज्यांनी एका फडात हंगाम काढला आणि हंगामानंतरही एकमेकांशी बोलतात, त्यांनाच दुकान. एक वाकलं की दुसरं उभं राहतं, ही सवय शिकवून येत नाही, म्हणाला. देण्याआधी तो त्यांच्याकडे न सांगता जेवायला जायचा. नवरा बसल्या जागेवरून "पाणी आण" म्हणून ओरडला, तर दुकानाचा विषयच काढायचा नाही.

"मग भाकरी फुकट?" मी विचारलं.

"भाकरी चांगलीच आस्ती, साहेब. दुकान चालत न्हाई."

दुसऱ्या दिवशी जागेचं सांगितलं. जुन्या दुकानातला चरक चालू ठेवायचा आणि रस्त्याने चालत निघायचं. घुंगरू ऐकू यायचे थांबले की त्यापुढे नवी जागा बघायची, अलीकडे नाही. "आपलंच मानूस आपल्याच मानसाचं गिऱ्हाईक वढाया लागलं, की बोर्ड एक ऱ्हातो आन् घर फुटतं." माझ्या मेहुण्याच्या दुकानासमोरच्याच चौकात कंपनीने आणखी एकाला फ्रँचायझी विकली होती, ते मला आठवलं. तिसऱ्या दिवशी त्याने ऊस कसा निवडायचा ते सांगितलं, आणि चरक बिघडला की कितीही लांब असो, स्वतः जायचं, हेही. "बोर्ड दिला म्हंजी सोयरीक झाली. लेक दिल्यावर बाप येतो का न्हाई?"

रोज जाताना तो चरकाचं विचारायचा. रोज मी "बघू" म्हणायचो. आणि संध्याकाळी फोन करून ऐकलेलं सगळं मेहुण्याला सांगायचो. माणूस भीतीने बोलत होता असं नाही, त्याला सांगायची हौस होती. पण त्याला रोज बोलावत होती ती चरकाची काळजी, आणि ती मी मुद्दाम जिवंत ठेवली होती.

अखेर चरक उचलले नाहीत. बोर्ड उतरवले, पेंटरने नव्या पत्र्यावर देवाचं नाव काढलं आणि दुकानं चालूच राहिली. रांग वीतभरही हलली नाही. कंपनीचा अधिकारी शहाणा होता. एकदा तिथला रस प्यायला, दुसरा ग्लास मागितला, आणि पुढे न्यायालयात तडजोड होऊन गुन्हा रद्द झाला.

मेहुण्याने कंपनीचा करार सोडला. एसी विकला. एक जोडी शोधली, त्यांच्याकडे जेवून आला. आज जिल्ह्यात त्याच्या स्वतःच्या नावाची बरीच दुकानं आहेत, सगळी घुंगरांच्या अंतरावर. मी त्याचा सल्लागार. तरुण उद्योजकांच्या मेळाव्यात मला भाषणाला बोलावतात. फ्रँचायझी यशस्वी कशी होते, यावर मी बोलतो. कोयत्याचं सांगतो, पाण्याचं सांगतो, लोक हसतात, टाळ्या देतात. "माझा अनुभव" म्हणून सांगतो.

मागच्या उन्हाळ्यात परळीच्या आमच्या दुकानात मी बसलो होतो. मुकादम आत आला. केस पांढरे झालेले, इस्त्री तशीच. पहिली धार फेकलेली त्याने बघितली, उजेडाकडे धरलेला ग्लास बघितला. सावकाश रस प्यायला आणि गालात हसला.

"साहेब, रस वळखीचा लागतोय."

मी म्हणालो, "बसा ना."

"बसतो की. हा कोयता चांगला निवडलाय. पाणी कोण आणतंय घरात?"

"दोघंही," मी म्हणालो.

तो मोठ्याने हसला, दुकानातल्या जोडीची नावानिशी विचारपूस केली आणि गेला. त्याला सगळं कळलं होतं. त्याने हिशेब मागितला नाही, म्हणून मीही तो हसण्यावारी जाऊ दिला. हसणं खरं होतं, आणि रसही खरंच चांगला होता.

पोलिसांच्या आठवणींत कुणाचं नाव घ्यायचं नसतं, म्हणून इथेही नाही. चौकशीच्या खोलीत माणूस जे सांगतो त्यातलं गुन्ह्यापुरतंच आपलं, बाकी त्याचं, हे मला त्या प्रकरणाने शिकवलं, जरा उशिरा. मी अजून आष्टीकडे जाऊन त्याला तोंडाने हे सांगितलेलं नाही. माझं भाषण ऐकून ज्यांनी दुकानं काढली, त्यांनाही ते शब्द कुणाचे हे सांगितलेलं नाही. त्याला विचारून, त्याच्या नावानिशी, ते सांगायचं आहे. एवढं मी त्याचं देणं लागतो.