राबात भाजलेली गांडुळं

पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरात एक वाडी आहे. तिथल्या शाळेत रखमा खिचडी शिजवते. रागावली की ती डाव पातेल्यावर आपटते, आणि नुसत्या आवाजावरून वाडी ओळखते, की आज कुणाची धडगत नाही.

शाळेमागे गांडूळखताचा सिमेंटचा हौद आहे. तीन वर्षांपूर्वी तिथे नारळ फुटला, फोटो निघाले, आणि फोटोतलं एकही माणूस पुन्हा हौदाकडे फिरकलं नाही. भाज्यांची सालं टाकायची, गोणपाट ओलं ठेवायचं, मुंग्या लागल्या तर हटवायच्या, हे सगळं रखमाच करायची. तिला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून ते कुणाला दिसतही नव्हतं.

यंदा एप्रिलात मुख्याध्यापिका वैशालीबाईंनी सभा घेतली. हौद कायमचा कोण सांभाळणार? सुट्टीतसुद्धा? रखमाची लेक सेजल मुंबईत बाळंत व्हायची होती, वीस दिवस रखमा जाणारच होती. तेवढ्यापुरती सोय झाली, तर बाकी काम आपलंच, ही तिची पक्की समजूत. पदर खोचून ती कोपऱ्यात उभी राहिली.

"जबाबदार मानूस पायजे," समितीचे अध्यक्ष येसाजी म्हणाले. "मीच घेतो."

टाळ्या पडल्या. शाल आली. रखमाकडे कुणी मान वळवूनही बघितलं नाही.

"भावजी, गांडुळं काय खातात, ठाव हाय का?"

"माती! दुसरं काय? वयनी, तुमी खिचडीतलं मीठ बघा."

सभा हसली. दुसऱ्या दिवशी पातेल्याला पोचा पडला.

मुंबईला जाताना रखमाने हौदातलं घमेलंभर खत, गांडुळांसकट, शेजारच्या सरिताच्या मोरीपाशी नेऊन ठेवलं.

"येसाजींवर इस्वास नाय व्हय गो तुझा?" सरिताने विचारलं.

"हाय की! घाण करनार, ह्यावर पुरा इस्वास हाय."

नातीचं तोंड बघून ती परत आली, ती पिशवी हातात घेऊनच शाळेमागे गेली. हौद खरवडून साफ. तिथून समोर येसाजींचं शेत दिसतं. भाताची रोपं करायला जमीन भाजतात, त्या राबाचा काळा चौकोन त्यात उठून दिसत होता. येसाजींची म्हैस मार्चातच गेलेली. शेणाशिवाय राब व्हायचा कसा? हौदातलं काळंभोर खत खाली पसरलं, वर कवळं म्हणजे तोडलेल्या फांद्या, वाळका पातेरा, माती, आणि लावली काडी. रखमा तशीच येसाजींच्या बांधावर गेली.

"भावजी, हौदातलं खत कुठाय?"

"शेनच व्हतं ना ते? राबाला घातलं. जूनला नवीन भरू."

"आनि आतले जीव?"

"राबात किडे जळायचेच, वयनी. त्यासाठीच तर भाजतात!"

"एकादशीला मुंग्यांना साखर घालता ना तुमी?" रखमाचा आवाज पार खालच्या आळीपर्यंत गेला. "आनि माजी तीन वर्सांची गांडुळं भाजताना हात कापला नाय तुमचा? शाल पांघरून झोपला असाल वर!"

येसाजी पानाची पिचकारी टाकायच्या निमित्ताने पलीकडे सरकले.

शाळा उघडली. पुन्हा सभा, पुन्हा तोच प्रश्न. वैशालीबाईंचं बोलणं पुरं व्हायच्या आत रखमाने सरिताकडचं घमेलं टेबलावर आदळलं. आत गांडुळं वळवळत होती, घोळक्याने.

"माजं नाव लिवा, बाई. शाल नको, नारळ नको. आनि खाली लिवा, शेन येसाजी आननार. दर शनवारी. सोता."

"माजी म्हस तर..."

"मग मागा शेजारच्या गोठ्यात. जबाबदार मानूस ना तुमी?"

बाईंनी लिहिलं. या वेळी सभा हसली ती भलत्याच दिशेने.

शनिवारी येसाजी डोक्यावर पाटी घेऊन आले. अख्खी वाडी अंगणात येऊन उभी. रखमा मात्र हसली नाही. तिने काडीने शेण उकरलं, त्यावर हात धरून बघितला.

"ताजं हाय हे. उष्ण असतं, मरतील. आठ दिवस मुरवून आना."

आणि पाटी पुन्हा येसाजींच्या डोक्यावर चढवली.