सदफच्या फोल्डरातून

कसबा बावड्यात मीरासाबांचं लग्नपत्रिकांचं दुकान आहे. मजकूर जुळवण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही, पण कंप्युटरशी त्यांचं नातं कामापुरतं. तो लावून दिला लेकीनं, सदफनं. मस्कतला एका दवाखान्याच्या लॅबमध्ये नोकरी लागली, तेव्हा जाण्याआधी तिनं पडद्यावर शॉर्टकट करून ठेवले. नावंही तिनंच दिली. 'अब्बा, लग्नं इथं.' 'अब्बा, निकाह इथं.' 'अब्बा, बारशी इथं.' आणि कोपऱ्यात, 'अब्बा, आधी चहा प्या.' त्याच्यावर दाबलं की रिकामं फोल्डर उघडायचं.

सकाळी मशीन चालू केलं की ती नावं पडद्यावर यायची आणि मीरासाबांना पोरगी मागं उभी राहून बोलतेय असं वाटायचं. चहा आल्याशिवाय ते कामाला हात लावत नसत.

यंदा पत्रिकांचं नवं सॉफ्टवेअर जुन्या विंडोजवर चालेना. कागलचा कंप्युटर दुरुस्त करणारा उदयसिंह आला, सगळं पुसून नवी विंडोज टाकून गेला. पडदा स्वच्छ, निळा. मीरासाब बघतच राहिले.

त्यांनी लगेच फोन लावला. "अरं, माझी नावं कुठं गेली?"

"चाचा, ते शॉर्टकट हुतं, गेलं. फायली डी ड्राइव्हला हायत तशाच हायत. आत जाऊन बघा की."

आत कुठं? मीरासाब कधी आत गेलेच नव्हते.

तेवढ्यात कुरुंदवाडचे आकाराम पाटील दारात उभे. थोरल्या नातीची पत्रिका इथंच छापली होती. आता धाकटीचं ठरलं होतं. "तशीच पायजे, मीरासाब. घरात सगळ्यांनी सांगून धाडलंय."

"बसा की पावणं," म्हणत मीरासाबांनी डी ड्राइव्ह उघडला. आत एकच फोल्डर, 'सदफ'. त्यात 'शाळा', 'कॉलेज', 'सुट्टीतलं'. बापाचं काम पोरीनं स्वतःच्याच फोल्डरात कुठंतरी ठेवलं होतं.

त्यांनी आधी 'शाळा' उघडलं. पंचगंगेच्या पाण्यावरचा प्रकल्प. दहावीच्या ओळखपत्राचा फोटो, दोन वेण्या, कपाळावर आठी. मग एक पत्रिका दिसली. बाहुलीच्या निकाहची. वधूपिता म्हणून मीरासाबांचंच नाव आणि खाली, 'आहेर स्वीकारला जाईल.' त्यांना हसू आलं. असली पत्रिका पोरीनं कधी केली, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. त्या वयात ती दुकानात येऊन बसायची आणि मीरासाब गिऱ्हाइकाकडं तोंड करून असायचे.

"गावंना व्हय?" आकारामांनी विचारलं.

"गावतंय की. जरा दम धरा."

'सुट्टीतलं' उघडलं, त्यात 'अब्बांचं काम', त्यात 'लग्नं'. पाटलांची पत्रिका तिथं होती. आकारामांनी चष्मा वर करून बघितली आणि मान डोलावली.

संध्याकाळी बायकोनं, कुलसुमनं, लेकीला व्हिडिओ कॉल लावला. मीरासाबांनी फोन हातातून घेतलाच.

"सगळं गेलं गं तुझं. चहाचंबी गेलं."

सदफ हसली. "एवढंच ना? मी इथनं तुमच्या कंप्युटरात शिरते, पुन्हा करून देते. आत्ता."

"नको."

"रोज एवढं आत जात बसणार? हात दुखतील, अब्बा."

"दुखू देत. तुझ्या फोल्डरातनं जावं लागतंय. बाहुलीची पत्रिका बघितली आज."

पलीकडं तिनं फोन जवळ घेतला. मग म्हणाली, "ती तुम्हाला दाखवायची हुती. तुम्ही कामात हुता."

"चांगली जमलीया," ते म्हणाले. "नावांच्या मधी जागा जरा जास्त सोडलीस, बाकी चांगली हाय." मग विचारलं, "ईदला येतीस काय?"

"सुट्टीचं बघते."

मागच्या ईदलाही तिनं हेच सांगितलं होतं. कुलसुमनं फोन मागून घेतला आणि जेवलीस का, म्हणून विचारायला लागली. मीरासाब खुर्ची ओढून मशीनसमोर बसले. आकारामांच्या नातीचं नाव घालायचं होतं. त्यांनी डी ड्राइव्ह उघडला आणि सावकाश, एकेक फोल्डर वाचत, आत गेले.