पदराआडून ऐकलेला आवाज

काल लेकीनं नव्या स्पीकरचं खोकं फोडलं आणि प्लायवूडचा, ताज्या डिंकाचा वास घरभर झाला. त्या वासासरशी मी परभणीतल्या त्या जुन्या दुकानात जाऊन बसले.

तेव्हा लग्नाला वर्षही झालं नव्हतं. वालूर गावात शिवणकाम करून साठवलेल्या पैशांत चांगल्या स्पीकरचा एकच जोड बसत होता. सोबत सासरे होते, म्हणून डोक्यावरचा पदर कान झाकेपर्यंत ओढलेला. दुकानदारानं आधी मोठा जोड लावला, मग लहान. मला दोन्ही सारखेच घुमल्यागत वाटले.

तेवढ्यात टेबलफॅन माझ्याकडं वळला, पदर उडाला आणि लहान जोडातली बासरी उघड्या कानात शिरली. वाजवणाऱ्याचा श्वाससुद्धा ऐकू आला. अंगावर काटा आला. मी घाईनं पदर सावरला आणि तो श्वास गेला.

"मोठा घ्या काका, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल," दुकानदार म्हणाला.

सासरे माझ्याकडं वळले. "तू सांग बाई. पैसे तुझे हायेत."

लहान, एवढाच शब्द होता. मी पदराचा काठ कानावर घट्ट धरला.

"तुमी म्हणाल तो," मी म्हणाले.

मोठा जोड घरी आला आणि वर्षानुवर्षं घुमत राहिला.

सासऱ्यांनी मनापासून विचारलं होतं, हे आता कळतं. काल लेक म्हणाली, "आई, जवळ येऊन ऐक ना." अंगात पंजाबी ड्रेस होता, तरी माझा हात पदर ओढून घ्यायला कानाकडं गेला.