मला माहीत होतं

त्या बाईला साड्यांच्या घड्या घालायच्या टेबलावर उभं केलं होतं. दोन्ही कान धरून. तिचा डबा उलटा केलेला, भाकरी फरशीवर. कारखान्याच्या मालकाचा पुतण्या मोबाइल धरून विचारत होता, "बोल, साडी कहाँ छुपाई?" ती म्हणत होती, "मी चोरी नही करी, भाऊ. मन्ही पिशवी देखी ल्या." मागून गाढवाच्या ओरडण्याचा आवाज जोडला होता. खाली हजारो हसणारी तोंडं.

मी हे माझ्या कामाच्या स्क्रीनवर पाहिलं. माझं कामच ते. सुरतेत, वेसूतल्या एका काचेच्या इमारतीत, कंत्राटावर. लोक व्हिडिओची तक्रार करतात, ती आमच्याकडे येते. दोन बटणं. काढा. राहू द्या. मराठी आणि अहिराणीतलं सगळं माझ्याकडे यायचं, कारण तिथे ती भाषा कळणारी मी एकटी.

शेजारच्या खुर्चीवरच्या मुलीने माझा एक इयरफोन कानाला लावला. हसली. "आ कई भाषा छे?"

मी म्हणाले, "खबर नथी." माहीत नाही.

माझी आई त्याच भाषेत मला जेवायला वाढते. आबा लूमवरून येतात आणि त्याच भाषेत पाणी मागतात. मी म्हणाले, खबर नथी. आणि 'राहू द्या' दाबलं. रक्त नाही, नागडेपणा नाही, धमकी नाही. नियमाच्या कागदात अपमान नावाचा रकाना नव्हता. असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला तो आवाज लवकर बंद व्हायला हवा होता.

पंधरा दिवसांनी कोसाडला, आमच्या घरी, एक बाई आली. समोरच्या इमारतीतली, जिच्याशी कधी बोलणं झालं नव्हतं अशी. सिंधू मावशी. पदर डोळ्यांपर्यंत ओढलेला. तोंड उघडलं आणि मी आवाज ओळखला.

"तू कम्प्युटरवर काम करस ना? तो व्हिडिओ काढी टाक, माय. मन्ही पोर कॉलेजले जात नही."

साडी दुसऱ्याच गठ्ठ्यात सापडली होती. ते कुणी मोबाइलवर टाकलं नव्हतं. पोलीस चौकीत तिला सांगितलं, कंपनी परदेशातली, तिलाच लिहा. ती लिहायला माझ्याकडे आली होती.

मी तक्रार लिहिली. ती सांगत होती, मी टाइप करत होते. एकदाही म्हणाले नाही की पहिली तक्रार मीच फेटाळलीय. तिने जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात मला सहन झाला नाही.

दुसऱ्या दिवशी ती तक्रार माझ्याच रांगेत आली. मी 'काढा' दाबलं. तासाभरात व्हिडिओ परत वर. आमच्या कामावर देखरेख करणाऱ्या मॅडमनी माझा निर्णय फिरवला होता. मी त्यांच्या टेबलापाशी गेले. म्हणाले, ही बाई निर्दोष आहे, तिचं जगणं बंद झालंय.

मॅडम सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या. "तेरी बस्ती की है क्या? वीडियो चल रहा है, लोग देख रहे हैं। तुझे सोचने के लिए नहीं रखा, बटन दबाने के लिए रखा है।"

कुणीतरी हळूच गाढवाचा आवाज काढला. सगळे हसले. मी उभी होते. माझे हात आपोआप कानांकडे जातात की काय, असं वाटलं. मी खुर्चीवर परत बसले नाही. पिशवी उचलली आणि बाहेर पडले.

मावशीला सगळं सांगितलं. तिच्या दारात, उभ्यानेच. तिने एकच विचारलं.

"तुले समजनं व्हतं ना, मी काय सांगी राहिनू ते?"

"हो."

तिने दार लावून घेतलं. अजून ती माझ्याशी बोलत नाही. बोलूही नये.

पण तिच्या मुलीने वकील गाठला आणि कंपनीवर दावा लावला. कंपनीचं उत्तर आलं ते वकिलांनी मला वाचून दाखवलं. आम्ही फक्त जागा देतो. मजकूर आमचा नाही. असा काही व्हिडिओ आहे, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

ठाऊक नव्हतं? दोनदा तक्रार आली. दोन्ही वेळा मी पाहिला. दुसऱ्यांदा मॅडमनीही पाहिला. काढला होता, तो परत लावला. कंपनी म्हणजे कोण? त्या खुर्चीवर मी बसले होते. तेव्हा कंपनी मीच होते.

मॅडमचा फोन आला. आवाज मऊ. गुपित राखण्याच्या कागदावर सही केलीस, विसरलीस का. आबा म्हणाले, "कोठेच नोकरी नही भेटाव, पोरी." दोघंही खरं बोलत होते.

उद्या कोर्टात माझी साक्ष आहे. वकील म्हणतात, "खबर नथी" ते सांगू नका, तुमच्यावरच उलटेल. उलटू दे. तेच आधी सांगणार आहे. मला भाषा कळत होती, बाई खरं बोलतेय हे कळत होतं, तरी मी 'राहू द्या' दाबलं. आणि म्हणेन, आधी मला दोषी धरा. मग ज्यांनी मला तिथे बसवलं, त्यांना या पिंजऱ्यात आणा. ते येईपर्यंत मी इथून हलणार नाही.